लाभाची शिटी

दहा टनांचं वाफेचं इंजन पावसाळाभर कुठे ठेवायचं, हा प्रश्न ज्याच्यावर कधी आलेला नसतो त्याला फार सोपा वाटतो. आम्हा म्हसावदकरांनाही वाटला होता. रस्ता दाबायचं काम जेठात थांबलं आणि दाऊद मिस्त्री जागा शोधायला लागला, तेव्हा आम्ही प्रत्येकाने त्याला एकेक जागा सुचवली. सल्ला द्यायला आमच्या गावात कधी कुणी हात आखडता घेतलेला नाही.

साल एकोणीसशे चौतीस. इंजन धुळ्याच्या एका ठेकेदार शेठचं. दाऊद नंदुरबारचा, बावीस वर्षं त्याच इंजनावर. आदल्या पावसाळ्यात इंजन नवापूरजवळ रस्त्याच्या कडेला उभं होतं, आणि काम पुन्हा सुरू करायला दाऊद गेला तर पितळेचं काहीसुद्धा अंगावर उरलेलं नव्हतं. शेठने तेव्हाच सांगून टाकलं होतं, "आता पितळेचा एक तुकडा जरी कमी झाला, तर तू खाली उतरायचं." बावन्न वर्षांच्या माणसाला दुसऱ्या इंजनावर कोण चढवणार? त्यामुळे दाऊद जागा शोधत नव्हता, आपली रोजी ठेवायला कोपरा शोधत होता. आम्हाला हे ठाऊक होतं आणि तरी मजा वाटत होती.

तो सगळीकडे पहार घेऊन फिरायचा. शहाद्याच्या कापसाच्या जिनाला उंच भिंत होती, फाटक होतं, पहारेकरी होता. दाऊदने आवारात पहार मारली, ती वीतभर आत गेली. काळी माती. "पाऊस लागना की चाकं पोटपर्यंत जातीन," तो मुनिमाला म्हणाला, "मंग दसराले इंजन काढाकरता हीर खंदनी पडी." नदीकाठची जमीन घट्ट निघाली, पण तिथे पुराचं पाणी येतं. चावडीपुढची जागा टणक होती, तर तिला ना भिंत ना दार, आणि गावातली सगळी रिकामटेकडी मंडळी तिथेच बसायची. म्हणजे आम्हीच.

शेवटी त्याची पहार गजराबाईच्या खळ्यात वाजली. खळं म्हणजे धान्य मळायची, कडबा-गुरं ठेवायची आवारबंद जागा. हे खळं तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून मुरूम टाकून ठोकलेलं. पुरुषभर उंचीची भिंत, दोन गाड्या जातील एवढं दार, आणि राखणीला झिपरू. झिपरू त्यांचा सालदार, आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीयेपासून वर्षाच्या कराराने राहणारा गडी. ते त्याचं सातवं साल. त्याचं घर गावाच्या तोंडाशीच होतं, पण झोपायचा तो खळ्यात. मुलगा दोधू पाटील घरचा कारभारी असला, तरी खळ्यात शब्द गजराबाईचा चालायचा. तिने एकच अट घातली.

"मन्हा खळामा जोडा घालीसन कोनी येत नही. इंजनना पायमा जोडा नहीत, तेले येऊ दे. तू मातर काढ."

दाऊदने जोडे काढले. इंजन आत घेताना त्याने खळ्यावर चार फेऱ्या जास्तीच्या मारल्या आणि जमीन आरशासारखी करून दिली. मग चाकांखाली सागाच्या फळ्या सारल्या आणि पितळेचा एकेक भाग सोडवून वरून गजराबाईच्या हातात देऊ लागला. शिटी, दाबाचं घड्याळ, दोन तोट्या, तेलाच्या दोन कुप्या, नावाची पाटी. गजराबाई खळ्यात जशी मोजतात तशी मोजत होती, "लाभ, दोन, तीन, चार..." सातव्याला दाऊद वरून म्हणाला, "बराबर शे." तिने पोतडीचं तोंड बांधलं आणि पोतडी घरातल्या ज्वारीच्या कोठीत ठेवली. यापेक्षा बंदोबस्ताची जागा सरकारी तिजोरीलासुद्धा मिळत नसेल.

दसरा झाला आणि दाऊद आला. गजराबाई लेकीच्या बाळंतपणाला नवापूरला गेली होती. दोधूने कोठीतून पोतडी काढून दिली. दाऊदने ओट्यावर भाग मांडले. सहा. पोतडी उलटी केली, झटकली. सहाच. शिटी नव्हती.

दाऊदचं तोंड पांढरं पडलं. त्या ओट्यावर बसलेल्या माणसाला मी बघितलंय, म्हणून सांगतो, तो खोटं बोलत नव्हता. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी चोर लागतोच. घरात उठबस कुणाची? कोठीतून महिन्याची ज्वारी मोजून कुणाला मिळते? दाऊद चावडीवर आला आणि त्याने बारा माणसांसमोर झिपरूचं नाव घेतलं.

झिपरू म्हणाला, "मी हात बी लावा नही." तो एवढंच म्हणाला. जास्त बोलला असता तर आम्ही म्हटलं असतं, बघा किती बोलतोय. कमी बोलला, तर आम्ही म्हटलं, बघा, बोलायला तोंड नाही.

दोधूने त्याला काढून टाकलं. सालदाराला साल अर्ध्यावर मोडून घालवलं, की त्याला पुढच्या आखाजीपर्यंत कुणी दारात उभं करत नाही. का घालवलं, हे पंचक्रोशीला विचारावं लागत नाही. झिपरू शहाद्याच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला. पण त्याआधी घरी भाकरी थापता थापता त्याच्या बायकोने, धनुबाईने त्याला विचारलं, "खरं सांग, तू लिधी का?" शेजारच्या भिंतीपलीकडे ते ऐकू गेलं. तो ताटावरून उठला, आणि त्या दिवसापासून खडीच्या ढिगाजवळच राहू लागला.

आठ दिवसांनी गजराबाई परतली. दाऊद ओट्यावरच बसून होता. धुळ्याला काय कळवायचं ते त्याला सुचत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि देव्हाऱ्यातून शिटी घेऊन आली. शिटीवर हळदीकुंकवाचा जाड थर बसला होता.

"ही लाभनी व्हती ना," ती म्हणाली. "लाभनं माप देवनं ऱ्हास. तू येशी तवय मी काढी देती."

आता हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. रास मोजताना पहिल्या पायलीला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात, आणि ती पायली आधी देवापुढे जाते. दरसाल प्रत्येकाच्या खळ्यात हेच होतं. पण ते धान्याचं. गजराबाईच्या खळ्यात जे मोजलं जाईल त्याला तोच नियम, हे बारा जणांतल्या एकालाही सुचू नये? गंमत पुढेच आहे. सासू नसताना देवपूजा सून करत होती. दगूबाई ते आठही दिवस शिटीला आंघोळ घालत होती. तिला वाटलं, सासूबाईंनी नवा देव आणला. तिला कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. सुनेला कोण विचारतो!

गजराबाई दोधूला तोंडाला येईल ते बोलली. दोधू म्हणाला, बोलावतो त्याला, एकदोन दिवसांनी. एकदोन दिवस म्हणजे किती, ते आम्ही जाणतो.

दाऊदने शिटी बसवली, कुंकू न पुसता. भट्टी पेटवली आणि निघाला, कारण शेठचा माणूस खडीच्या ढिगाजवळ वाट बघत होता. इंजन माणसाच्या चालीने चालतं. कोसभरावर झिपरू हातोडा घेऊन बसलेला दिसला. दाऊदने इंजन थांबवलं आणि खाली उतरला.

"सापडनी," तो म्हणाला. "मन्हं चुकनं, झिपरू. माफ कर."

झिपरूने शिटीकडे बघितलं. वाफेच्या गरमीने कुंकू काळं पडलं होतं.

"आठे कोन ऐकी ऱ्हायनं?" तो म्हणाला. "नाव तू गावमा लिधं. गावमा चाल."

"शेठना मानूस समोर उभा शे. मांगे फिरनू तर मन्ही रोजी जाई."

"मन्ही गई," झिपरू म्हणाला.

 दाऊद वर चढला आणि त्याने इंजन वळवलं. त्या रस्त्यावर ते वळवायला चार वेळा पुढेमागे करावं लागलं, आणि शेठचा माणूस लांबून हात हलवत ओरडत होता. त्याने धुळ्याला काय लिहिलं ते माहीत नाही, पण दिवाळीनंतर त्या इंजनावर दुसरा मिस्त्री आला. दाऊद पुन्हा इंजनावर दिसला नाही.

त्या दिवशी मात्र तोच होता. पुढे हातोडा खांद्यावर टाकून झिपरू, मागे इंजन. आम्ही चावडीवरून उठून उभे राहिलो. शिटी आपल्यासमोर वाजणार हे सगळ्यांनाच कळलं होतं, आणि आमच्या माना आधीच खाली गेल्या होत्या. पण झिपरूने गावाच्या तोंडाशीच हात वर केला. तिथून त्याच्या घराची गल्ली फुटते. गल्ली अरुंद, इंजन आत जाईना.

"आठेच," तो म्हणाला. "पैली आठे."

दाऊदने दोरी ओढली. शिटी एवढी लांब वाजली की गल्लीतली गुरं दावी ओढायला लागली. धनुबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने इंजनाकडे बघितलं, शिटीकडे बघितलं, आणि मग नवऱ्याकडे. तिला सगळं कळलं, आणि ती दारातच खाली बसली.

"मी इचाराले नको व्हतं," ती म्हणाली.

 झिपरू दाऊदकडे वळून म्हणाला, "हाई लाभ. दोन आते चावडीवर."