भुशाचे ठिपके

"पैज लावा वहिनी, यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही," मोजणीवाल्या भावोजींनी खुर्ची पुढे ओढली. "आख्खा सुतारखाना मी तिळाएवढ्या फायलीत कोंबला!"

वहिनी उशीच्या अभ्र्याला बटण लावत होत्या. सुतारखाना त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे भावोजींच्या थोरल्या भावाचा. भाऊ रंधा मारत असताना भावोजींनी तिथे लेसरचं यंत्र लावलं होतं; भिंती, फळ्या, पटाशा, सगळ्याचे मिळून चाळीस कोटी ठिपके टिपले होते. वर्षाच्या आत भाऊ गेला, सुतारखानाही पाडला. रंधा मारणारा तो हात एकदा पाहायचा, एवढंच वहिनींचं मागणं होतं. पण हाताचा विषय निघाला की भावोजींना नेमकी तहान लागायची.

"आमचे ऑफिसातले साहेब म्हणाले, फाइल मोबाइलवर उघडली पाहिजे. म्हटलं, मोबाइल कशाला, अंगठीत बसवतो! खोलीची केली एक पेटी. पेटीचे आठ डबे, डब्याच्या आठ डब्या, डबीच्या पुन्हा आठ. रिकाम्या डबीपुढे नुसतं 'काही नाही' लिहायचं. भरलेल्या डबीत शंभर ठिपके दाटीवाटीने बसलेले दिसले, की एक ठेवायचा, बाकीच्यांना घरी धाडायचं."

"आणि हात?" वहिनींनी दाताने दोरा तोडला.

भावोजी घटाघट पाणी प्यायले. "हलणारं काही यंत्राला धड सापडत नाही हो. हाताचे ठिपके हवेत विखुरलेले, उडत्या भुशासारखे. आजूबाजूला कुणी नसलेला ठिपका म्हणजे आमच्याकडे कचरा. झाडून टाकले. मूळ फाइलही पुसली."

"सगळे झाडले?"

"एकूण एक! भुशाचा कण ठेवला नाही."

बटण घट्ट बसलं होतं, तरी वहिनी ते ओढून पाहत राहिल्या. ते भावोजींना पाहवेना. वहिनींना हसवायला ते घाईघाईने म्हणाले, "अहो, खरी गंमत तर पुढेच आहे! परवा फाइल उघडली. खिडकीजवळ भुसा असा काही तरंगत होता, की पडद्यासमोर बसल्या बसल्या मी सात वेळा शिंकलो! सूनबाई औषधाची बाटली घेऊन धावत आली!"

वहिनींनी सुई उशीत खोचली.

"भावोजी, थापा खुशाल मारा, पण मेळ तरी बसवा. भुशाचा कण ठेवला नाही, मग शिंकलात कशाने? भुसा आहे, म्हणजे हातही आहे. खोटं बोललात तुम्ही. उठा, लावा ती फाइल."