आवक क्रमांक एकोणीस

मी एक फोरम. नाव ‘पोहोचलो’. हसलात? हसा खुशाल. विमानातून उतरलं की घरी पहिला मेसेज आपण हाच करतो ना! म्हणून सुनेत्रानं हे नाव ठेवलं. ती आइंडहोवनला आयटीत आहे. सहा वर्षांपूर्वी लेकीच्या पोहण्याच्या क्लासबाहेर बाकावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन तिनं मला जन्माला घातलं.

माझ्याकडे नेदरलँड्सभरची मराठी माणसं काय वाट्टेल ते विचारतात. हिंग कुठे मिळतो? डॉक्टर पॅरासिटामॉलशिवाय दुसरं काही देतो का? एकाला उत्तर हवं असतं आणि चाळीस जणांना भांडायचं असतं. मला तर हे सगळंच आवडतं.

सुनेत्राचे सासरे अरुणराव साताऱ्याच्या जिल्हा परिषदेत तीस वर्षं आवक-जावक कारकून होते. तीन महिने इथे राहायला आले, कंटाळले आणि त्यांनी माझ्या तक्रारींचा ताबाच घेतला. तक्रार आली की वहीत आवक क्रमांक, तारीख, वेळ. उत्तर गेलं की जावक क्रमांक. साताऱ्याला परतल्यावरही हे चालूच. सभासद टर उडवायचे, “काका, नुसतं हाय लिहिलं तरी नंबर देणार का?”

“देणार,” काका लिहायचे. मीही गालातल्या गालात हसायचो, कबूल करतो.

मग डेल्फ्टला शिकणाऱ्या एका मुलीनं टोपणनावानं पोस्ट टाकली. एका एजंटाचं नाव घेऊन तिनं लिहिलं, ‘याच्या खोल्यांवर खेमेंटेत, म्हणजे इथल्या पालिकेत, पत्त्याची नोंद होत नाही. आम्हा तिघींना पालिकेनं परत पाठवलं. नोंद नाही म्हणजे बँक खातंसुद्धा नाही. सावध राहा.’ पालिकेचं पत्र तिनं सुनेत्राला खासगीत दाखवलं होतं. ती अजून त्याच खोलीत राहत होती. नाव फुटलं असतं तर सामानासकट रस्त्यावर आली असती, आणि इथे दुसरी खोली शोधणं म्हणजे महाकठीण.

त्या पोस्टखाली कुणा शहाण्यानं एजंटाच्या घरचा पत्ता टाकला. वर सल्ला, ‘जाऊन बदडा त्याला!’ शी! मला माझीच लाज वाटली.

पहाटे सहाला एजंटाची तक्रार आली. इथे सगळे झोपलेले, पण साताऱ्यात साडेनऊ वाजलेले. अरुणरावांनी लगेच फोन लावला.

“सुनेत्रा, ऊठ गं. आवक एकोणीस आली.”

“बाबा, सहा वाजलेत हो!”

“माणसाच्या घरचा पत्ता आहे त्यात. ऊठ आधी.”

चाळीस मिनिटांत तिनं ती कमेंट काढून टाकली. मुलीची पोस्ट खरी होती, ती राहिली. एजंटाला जावक क्रमांकासह उत्तरही गेलं.

तरी पठ्ठ्या कोर्टात गेलाच! म्हणे, फोरमवर येईल त्या प्रत्येक शब्दाला फोरमवाली जबाबदार. म्हणे, तक्रार करूनही पत्ता पाच दिवस तसाच होता. फोरम बंद करा आणि त्या मुलीचं नाव द्या.

“नाव देऊन टाक, सुटशील,” सुनेत्राचा नवरा अभिराम काळजीनं म्हणाला.

“माझ्या भरवशावर लिहिलंय तिनं. नाही देणार.”

कोर्टात अरुणरावांच्या वहीचं डच भाषांतर गेलं. न्यायाधीशबाईंनी आधीच्या अठरा नोंदीही वाचल्या. मग एजंटाच्याच मेलबॉक्समधून जावक क्रमांकाचं उत्तर निघालं, त्याच सकाळचं. त्याच्या वकिलाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

निकाल लागला. प्रत्येक ओळ आधी वाचणं फोरमवाल्यांवर बंधनकारक नाही. चूक कळल्यावर हातावर हात ठेवून बसले तर मात्र ते दोषी. ही बाई बसली नाही. मुलीच्या म्हणण्याला कागदाचा आधार आहे, तिचं नाव देण्याची गरज नाही.

जिंकलो! अहो, जिंकलो आपण! सुनेत्रानं साताऱ्याला फोन केला. “निकालाची प्रत पाठव, नोंद करतो,” एवढंच अरुणराव बोलले आणि त्यांनी वही उघडली.

आज माझी पोस्टन्‌पोस्ट जिवंत आहे. दुसरे फोरमवाले अरुणरावांकडे वही कशी ठेवायची ते शिकायला येतात, आणि काका भाव खातात! माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाच्या घरावर माणसं धाडायला मला वापरू नका. पण खरं असेल ते बेधडक लिहा.

गेल्या महिन्यात त्या मुलीला नवी खोली मिळाली, पत्त्याची नोंदही झाली. त्याच संध्याकाळी तिनं आपलं टोपणनाव पुसलं आणि लिहिलं, ‘मी संपदा खैरनार. ती पोस्ट माझी होती. पत्ता नोंदवायला कुणाला अडचण येत असेल, तर मला विचारा.’