सापळ्याला लागलेली लोकर

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी सापळा आहे, लांडगे धरायचा. एवढं ऐकूनच तुमच्यातले काही जण तोंड वाकडं करतील. करा बापडे, मला सवय आहे. आमच्या जातीच्या वाट्याला कौतुक कमीच येतं, आणि येतं तेही दुसऱ्याच्या मरणावर. पण ऐकून न घेता कुणाला नावं ठेवू नयेत, म्हणून आधी सगळं ऐका.

माझा जन्म टेकडीखालच्या लोहाराच्या भट्टीत झाला. लोहार मोठा तिरसट. गिऱ्हाइकाशी कमी बोलायचा आणि ऐरणीशी जास्त. एका मोडक्या गाडीच्या कमानपाट्यांतून त्याने माझी स्प्रिंग घडवली, दोन जबडे जोडले, मधोमध पत्र्याची थाळी बसवली आणि मागे साखळी लावली. थाळीवर पाय पडला की जबडे मिटायचे. एवढंच माझं शिक्षण.

"दात लावू का जबड्यांना?" लोहाराने विचारलं.

"नको," गिऱ्हाईक म्हणालं, "धरायचंय, तोडायचं नाही."

हे गिऱ्हाईक म्हणजे भावजी. ज्या घरी मी गेलो तिथे त्यांची वहिनी त्यांना याच नावाने हाक मारायची, म्हणून मीही तेच म्हणतो. वहिनीचा नवरा दूर खाणीत कामाला होता आणि मेंढ्यांचा कळप वहिनी एकटी सांभाळायची. भावजी शेजारच्याच घरात राहायचे. सापळे लावण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

त्या थंडीत लांडगे फार झाले होते. टेकडी उतरून ते थेट गोठ्यांपर्यंत येऊ लागले. आधी खालच्या वस्तीतली वासरं गेली, मग चरायला गेलेल्या वहिनीच्या मेंढ्या. वनखात्याचे साहेब येऊन पाहणी करून गेले. टेकडीच्या या बाजूचे दोन लांडगे कमी करायला हरकत नाही, मात्र दोनच, असं सांगून त्यांनी भावजींना परवाना दिला.

मेंढ्या गाभण होत्या. वहिनीने भावजींना स्पष्ट सांगितलं, "वीण नीट पार पडली तर कळप टिकेल. नाहीतर उरल्यासुरल्या मेंढ्या विकून मी तुमच्या भावाकडे निघून जाईन. खाणीवर एका खोलीत राहीन, पण रोज उठून फाडलेली मेंढी बघायची ताकद नाही माझ्यात."

"मी आहे ना, वहिनी," भावजी म्हणाले. "तू कशाला काळजी करतेस?"

भावजींची कामाची एक पद्धत होती. आधी मला झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळायचं, म्हणजे लोखंडाचा वास जातो. मग उघड्या हाताने मला शिवायचं नाही. हातमोजे मेंढ्यांच्या लेंड्यांत पुरून ठेवलेले असायचे. मला जमिनीत बसवून वरून चाळलेली माती पसरायची. माणसाचा जरा वास आला तरी लांडगा लांबूनच वळसा घालतो.

पहिला लांडगा पहिल्याच आठवड्यात माझ्यात अडकला. चांगला दांडगा नर होता. मग काय विचारता! खालच्या वस्तीतल्या खानावळवाल्याने काही दिवस मला आपल्या गल्ल्याशेजारी मांडून ठेवलं आणि लोक चहा पिता पिता मला बघून जाऊ लागले. लोखंड तापल्यावर फुगतं म्हणतात, मी भर थंडीत फुगलो.

दुसरी मात्र मादी होती आणि ती महावस्ताद निघाली. मी जिथे पुरलेला असे, त्याच्या कडेची माती ती पंजाने उकरायची आणि मला उघडा पाडून निघून जायची. भावजींच्या नाकावर टिच्चून तिने कुरणातून एक गाभण मेंढी उचलली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही मेंढी वहिनीची लाडकी होती. तिला सगळे ठिपकीच म्हणायचे.

ठिपकीचं उरलंसुरलं अंग भावजींना ओढ्यापलीकडे सापडलं. ते त्यांनी तिथेच पुरलं आणि घरी येऊन वहिनीला म्हणाले, "शेजारच्या कळपात मिसळली असेल. येईल." मग त्यांना एक युक्ती सुचली. लांडगी ज्या मेंढीला चटावली आहे तिचाच वास सापळ्याला लावायचा. ठिपकीची तेलकट लोकर त्यांनी माझ्या सांध्यासांध्यांत चोळली, एक पुंजका थाळीखाली कोंबला आणि मला ओढ्यापलीकडे पुरलं. स्वतःवर इतके खूश झाले की शीळ घालत परत गेले.

आता कळपाच्या कुत्र्याबद्दल सांगायला हवं. त्याला मुकादम म्हणायचे, कारण स्वतः काहीच न करता सगळ्यांना कामाला लावल्यासारखा तो कळपामागून हिंडायचा. पण संध्याकाळी एक काम तो चुकवत नसे. गोठ्यात शिरून एकेका मेंढीला हुंगायचा आणि सगळ्या आहेत अशी खात्री झाली की दारात आडवा व्हायचा. तो दारात असला की लांडगे पुढे यायला धजत नसत. ठिपकी गेल्यापासून मात्र तो आडवा व्हायचा थांबला होता. पुन्हा पुन्हा आत जायचा, पुन्हा बाहेर यायचा.

"याला काय झालंय हो, भावजी?" वहिनीने विचारलं. "गोचिडी झाल्यात का अंगावर?"

"असतील," भावजी म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले. मुकादम ओढा ओलांडून कधी जात नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सापळ्याचं त्याला भय नाही असं ते धरूनच चालले होते.

एका सकाळी ऊन वर आल्यावर थाळीवर पाय पडला आणि मी मिटलो. पाय जबड्यात आल्याबरोबर मला कळलं की हा लांडगा नाही. मुकादम आधी ओरडला, मग गप्प झाला. तो मला चावला नाही. सांध्यांत जिथे लोकर अडकली होती, तिथे तो मला चाटत राहिला.

आवाज ऐकून वहिनी धावत आली, मागोमाग भावजी. वहिनीने दोन्ही पाय माझ्या स्प्रिंगवर रोवून जबडे उघडले आणि मुकादमाला मोकळं केलं. मग थाळीखालचा पुंजका काढून तिने हातात धरला.

"ही ठिपकीची लोकर आहे."

भावजी मुकादमाचा पाय बघायला वाकले.

"शेजारच्या कळपात आहे म्हणालात ना?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं. रडून मोकळी झाले असते. याला एकदा तिच्याजवळ नेलं असतं तर याने शोध तरी सोडला असता. आता वीण तोंडावर आलीय. दारात कोण बसणार? ती लांडगी?"

"मी बसतो," भावजी खाली मान घालून म्हणाले.

मुकादमाचं हाड चेचलं होतं. गुरांच्या डॉक्टरांना त्याचा पुढचा एक पंजा काढावा लागला. जखम भरेपर्यंत तो वहिनीच्या चुलीजवळ पडून होता, आणि भावजी खरोखरच गोठ्याच्या दारात जाऊन बसले. कांबळं पांघरून, शेकोटी पेटवून, मांडीवर पत्र्याचा डबा वाजवायला घेऊन. मान अवघडली, पाठ अवघडली अशी रोजची रड चालायची. "मुकादम घोरत नव्हता हो, भावजी," वहिनी सकाळी चहा देताना म्हणायची. लांडगी उतारापर्यंत यायची, शेकोटी बघायची आणि परत फिरायची. वीण पार पडली. गोठा कोकरांनी भरला आणि खाणीवरच्या खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या मादीला पुढे वनखात्याच्या शिकाऱ्याने टिपलं, कारण खालच्या वस्तीतली वासरं तिने सोडली नव्हती. मी साधुपणाचा आव आणणार नाही, मित्रांनो. लांडगे टेकडीवर असावेत, पण गोठ्यात शिरू लागले की त्यांना आवरावंच लागतं. त्यात मला आजही काही गैर वाटत नाही.

मला मात्र मागच्या पडवीत टाकून दिलं. धूळ बसली, गंज चढला, एका कोळ्याने माझ्या जबड्यात संसार थाटला. पुढच्या थंडीत नवा परवाना आला तेव्हा भावजींनी मला बाहेर काढलं, घासलं आणि सालीच्या पाण्यात उकळलं. लोखंडाचा वास गेला असेलही. मला खांद्यावर टाकून ते निघाले तसा मुकादम तीन पायांवर त्यांच्यामागे निघाला. त्यांनी हाकललं, तो थांबला, पुन्हा निघाला. ओढा आला तसा तोही पाण्यात उतरला.

"परत फिर म्हणतो ना!" भावजी खेकसले.

वहिनी मागून आली होती. "त्याला कशाला ओरडता?" ती म्हणाली. "त्याच्या लेखी तुम्ही ठिपकीला घेऊन चाललाय."

भावजी पाण्यातूनच माघारी वळले. घरी आल्यावर त्यांनी मला गोठ्याच्या दाराशी, मुकादमाचं नाक पोचेल इतक्या खाली टांगलं. लांडग्यासाठी त्यांनी लोहाराकडून दुसरा सापळा करून घेतला. त्याला मेंढीची लोकर ते कधी लावत नाहीत.

तेव्हापासून मी इथे आहे. संध्याकाळी मुकादम लंगडत गोठ्यात जातो, एकेका मेंढीला हुंगतो, शेवटी माझ्यापाशी येतो, सांध्यात नाक घालून मोठा श्वास घेतो आणि मग कुठे दारात आडवा होतो. लांडगे धरण्यासाठी घडवलेला मी, त्याच्या कळपातली एक मेंढी झालो आहे.

आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काही ना काही मागतात. कुणी तेल मागतं, कुणी कौतुक मागतं. मला त्यातलं काही नको. मी गंजून गेलो तरी चालेल. फक्त हा म्हातारा कुत्रा जिवंत आहे तोवर मला या खिळ्यावरून हलवू नका आणि पुन्हा उकळू नका. त्याला झोप लागू द्या.