साकवाची बातमी

संपादकबाईंनी बाह्या सरसावून ओढ्याकाठची फळी उचलली, तसा त्यांच्या दिरांनी हातातला पान्हा खाली ठेवला.

"वहिनी, राहू द्या. पाठ धरेल."

"धरू दे, भाऊजी. मी छापून बसलेय ना!"

खरंच छापून बसल्या होत्या. भटकंती मंडळाचं वार्तापत्र कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी छपाईला जाई, म्हणून होणारी गोष्ट झालीच असं धरून बाई लिहीत. 'नवा साकव खुला झाला. पहिलं पाऊल आपल्या कप्तानांनी टाकलं.' कप्तान म्हणजे मंडळाचे संस्थापक, वय ब्याऐंशी. काठी, टोपी आणि वार्तापत्र घेऊन ते सकाळी वेळेवर हजर झाले, तेव्हा साकवाच्या पाच फळ्या अजून गवतात लोळत होत्या. चौदा वर्षांत बाईंनी एकदाही चूक कबूल करणारी चौकट छापली नव्हती. त्याचा त्यांना भलताच अभिमान होता, आणि आज नेमका तोच पणाला लागला होता.

दीर पेशाने सुतार. घाई त्यांच्या रक्तातच नव्हती.

"बोल्ट आवळल्याशिवाय मांजरालाही सोडणार नाही," त्यांनी बजावलं.

मग बाईंनी जमलेल्या सभासदांना कामाला जुंपलं. कोणी फळ्या धरल्या, कोणी भोकं पाडली, दोघातिघांनी नुसताच सल्ला दिला. दुपारी शेवटचा बोल्ट बसला. बाईंचा जीव भांड्यात पडला. कप्तान काठी टेकत पुढे आले.

सुतारांनी हात आडवा धरला.

"थांबा. ज्यानं बांधलं, त्यानं आधी जाऊन बघायचं. आमच्या धंद्यात असंच असतं."

कप्तानांनी बाईंकडे पाहिलं.

"काय करू बाई? बातमीत तर मीच आहे."

बाईंनी दिरांकडे पाहिलं. सदरा घामाने चिंब झाला होता आणि हातोडी लागून अंगठा टरारून सुजला होता. सकाळपासून त्यांनी तक्रारीचं अवाक्षर काढलं नव्हतं. बाईंना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी कप्तानांच्या हातातलं वार्तापत्र घेतलं, पेन काढलं आणि ती ओळ खोडली.

"व्हा पुढे, भाऊजी."

सुतार गेले. मधोमध थांबून त्यांनी दोनदा जोरात पाय आपटला, कान देऊन ऐकलं आणि पलीकडे पोचल्यावर मान हलवली. काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

"म्हणजे चौदा वर्षांनी का होईना, कोपऱ्यात दुरुस्तीची चौकट येणार!" कप्तान मिश्कीलपणे म्हणाले.

"कोपऱ्यात कशाला?" बाई म्हणाल्या. "पहिल्या पानावर घेते."