एक कप म्हणजे एकशे वीस ग्रॅम

माझ्या बहिणीचा नवरा ऑर्व्हिल ट्वेट यानं अख्खी नोकरी अमेरिकेत, मिनेसोटातल्या रस्त्यांवर डांबराची जाडी मोजण्यात घालवली. गेल्या मार्चमध्ये माझी ती बहीण, आर्लिस, वारली आणि तो तिच्या स्वयंपाकघरात घुसला. तोवर त्याला तिथलं फक्त जेवणाचं टेबल ठाऊक होतं.

आमच्या चर्चला शंभर वर्षं होतायत, म्हणून आम्ही बायकांनी पाककृतींचं पुस्तक काढायला घेतलं. बैठकीला ऑर्व्हिल न बोलावता आला, डिजिटल काटा काखेत मारून. कप-चमच्यांचा हा गावठी कारभार बंद, सगळं ग्रॅममध्ये छापायचं, असं त्यानं जाहीर केलं.

"एक कप मैदा म्हणजे एकशे वीस ग्रॅम."

"माझा दीडशे भरतो," आमच्यातली डोरीन म्हणाली. ती कप थेट पिशवीत खुपसते.

"तू चुकीचा भरतेस."

"चाळीस वर्षं माझे केक हादडलेस, तेव्हा नाही वाटलं चुकीचं?"

सगळ्या खिदळल्या. साहेबांनी वहीत एकशे वीसच लिहिलं.

पण एका बाबतीत त्याचा जीव अडकला होता. येत्या रविवारी आर्लिसला वर्ष होणार. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये तिच्या आठवणीत सगळ्यांना कॉफी ठेवली होती, आणि तिचा वेलदोड्याचा पाव आपणच करून आणणार, असं ऑर्व्हिल गावभर सांगून बसला होता. अकरा पाव झाले होते. अकराही चपलेसारखे चपटे. दरवेळी तो वेलदोडे दशांश ग्रॅमपर्यंत तपासायचा आणि ओव्हनला शिव्या घालायचा.

गुरुवारी मी त्याच्याकडे गेले, तर हा दारात, पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ टाकत होता. मिठाच्या बादलीतून एक कान तुटलेला पत्र्याचा कप भरून भरून. तो कप मी लगेच ओळखला.

"हा कुठं मिळाला तुला?"

"हे डबडं? पिठाच्या डब्यात पडलं होतं. एक खूण नाही त्यावर, मापाला निरुपयोगी. वर्षभर इथंच आहे."

मी त्याच्या हातातून तो ओढून घेतला, आत गेले आणि पावाच्या कृतीची आर्लिसच्या हातची चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. तिनं लिहिलं होतं, माझ्या कपानं चार कप मैदा.

"तुझ्या वहीत उतरवताना 'माझ्या कपानं' कुठं गेलं रे?"

"ते मी काढलं. फालतू शब्द. कप म्हणजे कप."

"हाच तिचा कप, ऑर्व्हिल. आमच्या आईचा. लग्नात तिनं एवढाच मागून घेतला होता."

त्यानं कप माझ्या हातातून परत घेतला. मग अंगातला इंजिनिअर जागा झाला. कप धुतला, काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि पाणी ओतलं. बाजारातल्या कपात दोनशे सदतीस ग्रॅम पाणी मावतं. इथं काट्यावर तीनशे सहा दिसले.

"बाप रे. म्हणजे माझ्या पावात जवळपास चौथा हिस्सा पीठच नव्हतं," तो म्हणाला आणि पेन्सिल शोधू लागला.

वळला तोवर तीनशे दोन झाले होते. मग दोनशे सत्त्याण्णव. कपाच्या सांध्यातून बारीक धार टेबलावर पडत होती. मिठानं पत्रा खाल्ला होता. ऑर्व्हिलनं भोकावर अंगठा दाबून धरला आणि तसाच उभा राहिला.

"मीच केलं हे," तो म्हणाला.

मला खूप बोलायचं होतं, वर्षभर साठवलं होतं. पण त्याचा अंगठा अजून भोकावरच होता.

"पीठ गळत नाही," मी म्हटलं. "पूस तो, आणि भर."

त्यानं कप कोरडा केला, मैद्यात घातला, शिगोशीग भरून वर काढला. हात सवयीनं काट्याकडे गेला. मी काटा उचलून खुर्चीवर ठेवला.

"मग सपाट करू का दाबून भरू? ती कसा भरायची?"

"दर शनिवारी ती इथं उभी राहायची आणि तू त्या टेबलापाशी बसून पेपर वाचायचास. चव्वेचाळीस वर्षं. तूच सांग."

ऑर्व्हिलनं टेबलाकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. "मी कधी बघितलंच नाही," तो म्हणाला.