मध्ये कुणी नको

वहिनीचा फोन आला तेव्हा तो डेटाबेसच्या सर्व्हरशी थेट बोलणारा प्रोग्रॅम लिहीत होता. मधली लायब्ररी, म्हणजे दोघांतलं बोलणं सांभाळणारा आयता कोड, त्याने काढूनच टाकली होती. शेजारच्या टेबलावरची पोरगी सकाळपासून त्याची फिरकी घेत होती.

"काका, लायब्ररी आहे की आयती. सर्व्हरशी रामराम-शामराम ती करते, जोडणी तुटली तर गुपचूप पुन्हा जोडते. तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता?"

"मध्ये कुणी नको. सर्व्हर काय म्हणतो ते मला जसंच्या तसं ऐकायचंय."

"ऐका मग शिव्या!"

तो हसला, आणि फोन वाजला. सकाळी बायकोच्या छातीत कळ आली, म्हणून वहिनी तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. "पित्त असेल, तुम्ही जा कामाला," असं म्हणून बायकोनंच त्याला पिटाळलं होतं.

"भाऊजी, लगेच या," वहिनी म्हणाली. मग तिला राहवेना. "गेली हो ती."

थोड्या वेळाने तिनेच बजावलं, "लेकीला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून नको."

तो जिन्यात जाऊन उभा राहिला. लेकीने त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हापासून बापलेकीचं सगळं बोलणं बायकोमार्फत चालायचं. फोन तिच्या कानाला, आणि हा समोर पेपर आडवा धरून. लेकीचा नंबरही त्याच्याकडे नव्हता. तो वहिनीने पाठवला, आणि त्याने फोन लावला.

"बाबा? तुम्ही?" लेकीचा आवाज फुलला. "आईने लावून दिला ना? काल सांगत होती, माझ्या नोकरीचं ऐकून तुमचे डोळे भरून आले म्हणून. खरंच?"

काल तो नुसता "बरं" म्हणाला होता. पेपरातून मानही वर काढली नव्हती.

त्याने कठडा घट्ट धरला.

"हो," तो म्हणाला. "आले होते भरून."

पलीकडे ती रडत हसली. "मला वाटायचं आई मनाचं सांगते. दर वेळी आपलं, बाबा विचारत होते, बाबा विचारत होते."

"विचारायचो."

"बरं, आता तिला द्या ना फोन. तिची चांगली खेचते."

वरच्या मजल्यावर कुणीतरी दार लोटलं. त्याने फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"बाबा? आहात ना?"

"आहे," तो म्हणाला.

सांगायचं होतं ते अजून सांगून झालं नव्हतं.