दाराआडचा राखणदार

मी एक जुना, पत्र्याचा कोपरा आहे. हसू नका, मित्रांनो! ॲल्युमिनियमचे तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडले, की झालो मी.

माझा जन्म नवी मुंबईत, पावणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये झाला, पंच्याण्णव साली. दिलीप नावाच्या कारागिराने काटकोन तपासायचा गुण्या लावून लावून मला जोडले. "एवढा काय जीव काढतोस?" असे कुणी म्हटले, की तो म्हणे, "अरे, ह्याला आभाळात उत्तर द्यायचंय. कोन चुकला तर खेळ खलास!" मी कसला फुगलो होतो तेव्हा!

माझे काम सांगतो. खूप उंचावरून एक उपग्रह जातो आणि खाली रडारच्या लहरी सोडतो. ढग असोत, अंधार असो, त्या जमिनीपर्यंत पोचतात. माझ्यावर आदळलेली लहर मी आल्या वाटेने परत धाडतो, म्हणून उपग्रहाच्या चित्रात मी ठळक ठिपका दिसतो. काही आठवड्यांनी तो पुन्हा येतो. दोन्ही चित्रे ताडून पाहिली, की मी बोटभर सरकलो तरी कळते. मी सरकलो म्हणजे डोंगर सरकला!

नंदिनीताई दरडींचा अभ्यास करत. त्यांनी मला ऐरोलीच्या मागच्या डोंगरावर, एका पाड्याच्या वरच्या अंगाला, सिमेंटमध्ये पक्के रोवले. हलता येईना, मान वळवता येईना. पण समोर आभाळ मोकळे होते, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

पाड्यातल्या शकुबाईने विचारले, "ताई, हा काय करनार?"

"दरड सरकायला लागली तर आधी हाच सांगणार. तुमची राखण करणार म्हणा ना."

"म्हंजे आमचा राखनदार!" शकुबाईने तिथेच हात जोडले.

दुसऱ्या सकाळी माझ्या मांडीवर शेंदूर फासलेला गोटा येऊन बसला. मग झेंडूची माळ, मग नारळ. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? पुढे शकुबाईचे सासरे पंढरीआबा म्हणाले, "पोरी, राखनदार उनात तापतंय. बरा दिसत नाय." त्या भल्या माणसाने स्वतःच्या हातांनी माझ्याभोवती विटांचे देऊळ बांधले. वर पत्रा, पुढे लोखंडी दार!

माझे आभाळ गेले. त्या लहरी ढगातून येतात, पण पत्र्यातून आणि लोखंडातून नाही. उपग्रह वरून जात असेल, मला हाक मारत असेल, मी ओ कशी देऊ? रोज उदबत्ती लागे, घंटा वाजे आणि कडी पुन्हा बंद. जीव अगदी घुसमटून जाई.

तिकडे ताईंच्या चित्रातून माझा ठिपका नाहीसा झाला. "भंगारवाल्याने उचलला असणार," असे ऑफिसात ठरले. बघायला कुणीच आले नाही.

मग पायाखालची माती सरकू लागली. देवळाच्या भिंतीला भेग पडली. आबांनी ती सिमेंटने बुजवली. पुन्हा पडली, पुन्हा बुजवली. दार चौकटीत अडकायला लागले, तर त्यांनी कानशीने घासून ते बसवले. आबा, अहो आबा, भेग नका बुजवू, घरं सोडा! मी आतल्या आत ओरडत होतो.

श्रावणातल्या एका दुपारी दरड आली. पाडा कामावर गेला होता. आबा तेवढे माझ्यापाशी होते, हातात थापी घेऊन भेग लिंपत. आबा गेले. निम्मी घरे गेली.

ढिगाऱ्यातून मला काढले, तेव्हा ताई आल्या. शेंदूर पाहून त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "इथेच होता हा? मी एकदा येऊन बघायला हवं होतं, शकुबाई."

"दार नसता तं ह्यानं सांगितला असता?"

ताईंनी होकारार्थी मान हलवली. शकुबाईने हंबरडा फोडला.

आता माझा काटकोन मोडला आहे. कामोठ्याच्या एका गोदामात मी भिंतीकडे तोंड करून पडलो आहे. मित्रांनो, माया जरूर करा, पण ज्याच्यावर कराल त्याला काय हवे, ते आधी बघा. त्याला कोंडू नका हो!

उरलेल्या उतारावर ताईंनी नवा कोपरा रोवला आहे. शकुबाई रोज तिथे जाते, त्यातला पालापाचोळा काढते. कुणी हार घेऊन आले, की ती खेकसते, "फुला नको! म्होरून सरक, त्याला वर बघू दे!"